चॅम्पियनचं जास्तीचं पाऊल

चॅम्पियनसारखी झोप मी आयुष्यात दुसऱ्या कोणाची पाहिली नाही. बसमध्ये दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपायची. स्पर्धेच्या हॉलमध्ये, लाऊडस्पीकर कानाशी ओरडत असताना, बॅग उशाला घेऊन आडवी व्हायची आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागायची. बाकीच्या जिल्ह्यांतल्या पोरी नखं खात बसलेल्या, त्यांच्या आया देवाचं नाव घेत बसलेल्या, आणि आमची ही तोंड उघडं टाकून ढाराढूर! तिचं नाव पुकारलं की मी तिच्या पायाचा अंगठा दाबायची. मग ती उठायची, डोळे चोळायची, "आला काय माहा नंबर?" म्हणायची, हाताला पांढरी पावडर चोपडायची, आणि बघता बघता हवेत असायची. "एवढी कशी गं झोपतेस?" असं मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "थकली ना जी म्याडम." तेव्हा ती सहावीत होती. सहावीतल्या पोरीला थकायला काय झालं, असं मला वाटलं आणि मी ते हसण्यावारी नेलं.

'चॅम्पियन' हे नाव तिला काही जिंकायच्या आधीच पडलं होतं. शाळेत खिचडी वाढणाऱ्या मावशींनी ते पाडलं. खिचडीची रांग लांबलचक असायची आणि या बाईसाहेबांना नुसतं उभं राहवायचं नाही. म्हणून ती भिंतीला पाय टेकवून हातांवर उलटी उभी राहायची. रांग सरकली की हातांवरच एक पाऊल पुढे. मावशी एक दिवस पळी आपटून ओरडल्या, "ये चॅम्पियन! सुलटी हो. ताट काय पायानं धरतं?" पोरी हसल्या, आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीत राहिलं. पुढे तर तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सगळे तिला चॅम्पियनच म्हणायला लागले.

मी त्या शाळेत पी.टी.ची म्याडम. भंडारा जिल्ह्यात, सिहोऱ्याच्या पुढे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मध्ये आमची शाळा. पी.टी.ची म्याडम म्हणजे काय, ते ज्यांनी नोकरी केली त्यांना सांगायला नको. निवडणुकीचं काम तिला, जनगणना तिला, झेंडा तिला, जंताच्या गोळ्या वाटायच्या त्याही तिलाच. उरलेल्या वेळात खेळ. आणि मला येत होती फक्त कबड्डी. अशात एका वर्षी कुठल्याशा योजनेतून शाळेत एक ट्रक आला. त्यातून एक स्प्रिंगबोर्ड, उडी मारायचा चामडी घोडा, दोन बार आणि भिंतीवर लावायची चित्रं उतरली. गाद्या नव्हत्या. "गाद्या पुढच्या खेपेले येतीन," असं ड्रायव्हर म्हणाला. हेडमास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "म्याडम, आलंच आहे तर शिकवून टाका." शिकवून टाका म्हणे! जशी काही ती भाजी होती, फोडणीला टाकायची. चित्रातल्या बाईचा पाय कुठे आणि हात कुठे, हे समजायलाच मला एक महिना लागला.

पण गाद्यांशिवाय पोरींना उलट्या उड्या मारायला लावायच्या कशा? मान मोडली तर कोण बघणार? तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि त्या युक्तीचा मला फार अभिमान वाटला. आमच्याकडे धान चुरून झालं की शेताशेतात तणसाचे डोंगर उभे राहतात. धानाचं वाळलेलं काड, गुरांना घालायचं. मी घरोघर जाऊन मागितलं. कोणी ट्रॉलीभर दिलं, कोणी डोक्यावर भारा आणून टाकला, आणि लांब उडीचा खड्डा आम्ही कमरेइतक्या उंचीपर्यंत तणसानं भरला. दरवर्षी धान निघालं की नवं तणस, हा मग शाळेचा रिवाजच झाला. पोरी धडाधड त्यात पडायच्या, अंग खाजवत, केसांत काड्या घेऊन खिदळायच्या. एकदा तर चॅम्पियन हवेत असतानाच तणसातून धामण निघाली. सगळ्या पोरी किंचाळून पळाल्या. हिला काय, खाली यावंच लागलं. सापाच्या शेजारी उतरली, साप एका बाजूला पळाला, ही दुसऱ्या. नंतर मला म्हणते, "घाबरली जी बिचारी. तिच्या घरावर कुदलो ना आपण."

आता इथे एक गोष्ट सांगायची, जी सांगायला मला आजही जड जातं. तणसात दोन्ही पाय जोडून उतरलं की गुडघ्यापर्यंत रुततं आणि माणूस तोंडावर आपटतो. म्हणून पोरींनी आपोआप एक उपाय काढला. उतरता उतरता एक पाय पुढे टाकायचा, रुतायच्या आधी दुसरा ओढून घ्यायचा आणि चालत बाहेर यायचं. चॅम्पियन हे सगळ्यांत सुंदर करायची. हवेत दोन गिरक्या घ्यायची, उतरायची, एक पाऊल टाकायची आणि राणीसारखी बाहेर. मी टाळ्या वाजवायची. "शाब्बास! बघा गं, अशी उतरायची!" असं बाकीच्या पोरींना दाखवायची. तीन वर्षं मी टाळ्या वाजवल्या.

तिची माय मात्र माझ्यावर खूश नव्हती. घर ढीवरांचं, बाप तलावात मासे धरायचा आणि मायलेकी पावसाळ्यात रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायच्या. रोवणी लागली की चॅम्पियन तीन-तीन आठवडे गायब. परत यायची तेव्हा तळहात चिखलानं फुगून सोललेले, बारला हात लावता येत नसे. एका वर्षी राज्याची स्पर्धा तोंडावर आलेली, म्हणून मी तणतणत शेतात गेले. माय ओणवी, रोपांची जुडी हातात, मान वर न करताच म्हणाली, "बाई, तुमच्या मेडलनं बांधी रोवल्या जाते काय?" मी साडी खोचली, चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवल्या आणि तिच्या लेकीच्या जागेवर उतरले. अर्धा दिवस रोवलं. माझ्या रांगा अशा वाकड्या गेल्या की बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुपारी माय म्हणाली, "निघा जी बाहेर आता. आमचं नुकसान नोका करू. पोरगीले घेऊन जा." माझी कंबर नंतर आठ दिवस सरळ झाली नाही. चॅम्पियनला त्याचं फारच अप्रूप वाटलं. "म्याडम, तुमी तं दोन बांध्यांतच गेल्या. मले बारा असते," म्हणायची आणि पुन्हा पुन्हा हसायची.

राज्याला गेलो तेव्हा तिनं खरी गादी पहिल्यांदा पाहिली. निळी, जाड. दोन्ही हातांनी दाबून पाहिली, वास घेतला आणि म्हणाली, "याच्यावर तं माय-बाबा दोघंबी आरामात झोपतीन." मग चढली आणि पहिली आली. पुण्या-मुंबईच्या, लहानपणापासून क्लासला जाणाऱ्या पोरींच्या वर पहिली! मी हॉलमध्ये मोठ्यानं ओरडले, तर बाजूच्या बाईनं माझ्याकडे वळून पाहिलं. बक्षीस झाल्यावर एक वयस्क जजबाई आमच्याकडे आल्या. "मुलगी सोनं आहे हो," त्या म्हणाल्या, "पण उतरल्यावर एक पाऊल टाकते. दरवेळी मार्क जातात. तेवढं काढून टाका." मी म्हटलं, हो हो, काढते. एक पाऊल ते काय, आठ दिवसांत काढू, असं मला वाटलं होतं. गावात ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. सरपंचांचं भाषण सुरू असताना ही हारासकट ट्रॉलीत झोपून गेली.

पेपरवाले आले, त्यांनी छापलं की ही मुलगी शेताच्या धुऱ्यावर चालून बीमवरचा तोल शिकली. चॅम्पियनला त्याचा भयंकर राग. "धुऱ्यावर चालाले काय लागते? आमच्या गावची म्हैसबी चालते. तिले नेऊ काय बीमवर?" बीम तर आम्ही गावच्या सुताराकडून सागाचा करून घेतला होता, चार बोटं रुंद, आणि त्यावरून ती किती वेळा पडली त्याचा हिशेब तिच्या नडग्यांवर होता. पण ते पेपरात आलं नाही. पेपराला म्हैस-धुरा-चिखल हवं होतं.

ती दहावीत गेली तेव्हा तो कागद मीच आणला. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात, पण राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिनांत यावं लागतं. राज्यातलं सोनं चालत नाही. तिचा बाप तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसला होता. मी वाचून दाखवलं. तो विणता विणताच म्हणाला, "मंग पोरगी खुर्चीवर बसन?" म्हटलं, बसेल. "पंखा राहीन?" म्हटलं, पंखाही असेल. "मंग कुदू द्या." चॅम्पियन बाजूला मासे निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, "नोकरी लागली का कुदणं बंद ना जी?" मी हसून म्हटलं, बंद. "मंग होते," ती म्हणाली. 'होते ना जी, होते' हे तिचं नेहमीचंच. घोटा सुजला तरी होते, ताप आला तरी होते. मी ते उत्साहाचं लक्षण समजायची.

पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत ती चौथी आली. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरात एवढंसं अंतर, आणि ते बरोबर त्या एका पावलाचं होतं. पण पोरगी नजरेत भरली, तिला मोठ्या शिबिराला बोलावलं. तिथून ती भातावरून भांडणं करून आली, ती एक वेगळीच गंमत. "तिथले सर म्हणते, भात बंद. काहून बंद? भंडाऱ्याच्या माणसाले भात बंद केला तं हाडं कायची होतीन?" शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी तिला आणायला गेले होते. तिथले सर तिला उतरायला लावत होते, पुन्हा पुन्हा, आणि पुन्हा पुन्हा तो पाय पुढे जात होता. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "ही सवय मऊ जागेवर पडते. वाळू, गवत, असलं काहीतरी. पहिल्या दोन-तीन वर्षांत पाय जे शिकतात, ते शिकतात. तुला सुरुवातीला कोणी शिकवलं?"

मी तिथेच उभी होते, तिच्यापासून दोन हातांवर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कोणी नाही जी. मी अशीच शिकली. गावात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आपण कोण? मावशी का?"

आणि मी, बारा वर्षं नोकरी झालेली शिक्षिका, होय म्हणाले. मावशी म्हणून नमस्कार केला, तिची बॅग उचलली आणि बाहेर पडले. परतीच्या प्रवासात आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. नागपूरला उतरून पोहे खाल्ले, तर्री फार तिखट होती यावर बोललो. मला माझी इतकी लाज वाटत होती की घरी आल्यावर दोन दिवस मी सुट्टी टाकली, डोकं दुखतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी मी खड्ड्यातलं सगळं तणस उपसून गुरांना घालून टाकलं. खिचडीच्या खोलीतून परात आणली, व्हरांड्याच्या खाली उघड्या फरशीवर बारदाना अंथरला आणि त्यावर परात ठेवून, तिच्या कडेनं खडूनं गोल काढून ती उचलून घेतली. व्हरांड्यावरून उडी मारायची आणि दोन्ही पाय गोलात उतरले पाहिजेत. हलायचं नाही. पाय बाहेर गेला की पुन्हा. रोज शंभर. शंभर म्हणजे शंभर. रविवारी, दिवाळीला, तिच्या आत्याच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. तिला खुर्ची मिळवून द्यायची होती ना! मी खुर्ची म्हणायची, मनात मात्र ते पाऊल होतं. ते माझं पाऊल होतं आणि मला ते पुसायचं होतं. ती काही म्हणायची नाही. गोल पुसट झाला की उलट तीच खडू आणून द्यायची.

सहा महिन्यांत सरावात शंभरच्या शंभर उड्या गोलात पडायला लागल्या. मी परात डोक्यावर घेऊन नाचायची बाकी होते. पण स्पर्धेत, छातीत धडधड झाली, समोर लोक बसले, की पाय पुन्हा तणसात. "डोकं विसरते जी, पाय नाही विसरत," असं ती म्हणाली. दुसऱ्या वेळीही ती चौथी आली. तोवर राज्यात तिच्यासमोर उभं राहायला कोणी उरलं नव्हतं. सलग चार वर्षं सोनं, घरात खुंटीला मेडलांचा झुबका, आणि उजवा घोटा हा असा फुगलेला. माय रोज हळद-चुना लावायची. मला एकदा म्हणाली, "बाई, पोरगी तुमचीच हाये आता, आमची थोडीच राहिली. पण जरा पाहून घ्या." मी म्हटलं, एकदा मेडल येऊ द्या, मग आरामच आराम.

त्यानंतर तीन वर्षं गेली. तीन वर्षं म्हणजे किती शंभर, ते मी मोजत नाही. एक वर्ष घोट्यापायी स्पर्धाच हुकली. दुसऱ्या वर्षी संघ गेलाच नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता सांगितलं, की आता यात फार राम नाही. मी त्यांच्याशी भांडले. चॅम्पियन स्टुलावर बसून भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता बघत होती. "एकच राहिली ना जी डॉक्टरसाहेब, होते," ती म्हणाली.

शेवटच्या राष्ट्रीय स्पर्धेला मी गादीच्या काठाशीच बसले होते. व्हॉल्ट, म्हणजे घोड्यावरची उडी, सुरेख झाला. बार सुरेख झाले. फ्लोअरला तर टाळ्या थांबेनात. शेवटी बीम. तोवर ती तिसरी होती. बीमवर एकदाही हलली नाही, काठाशी गेली, हात वर केले, उडाली. दोन गिरक्या. आणि उतरली. दोन्ही पाय एकदम, थाड! एक क्षण ती तशीच उभी होती, आणि मग उजवा पाय निघाला. कोणी मागून बोलवावं तसा तो पाय निघाला आणि अर्धा हात पुढे जाऊन टेकला. तिनं हात वर करून जजांना नमस्कार केला, हसली, लंगडत माझ्याकडे आली.

"गेला काय?"

"गेला."

"एकच ना?"

"एकच गं."

"मंग चौथी," ती म्हणाली आणि बूट-मोजे शोधायला लागली.

परत येताना तुमसर रोडला उतरलो, सकाळचे नऊ वाजले असतील. गावाकडची बस यायची होती. स्टेशनाबाहेर बाकावर बॅगा घेऊन बसलो होतो. तिनं चहा आणला, आणि तो चहा हातात धरून मी अखेर बोलले. मी म्हटलं, "तो पाय मी बिघडवला. त्या तणसानं बिघडवला. आणि तिथे सरांसमोर मी तुझी मावशी झाले. तुझी खुर्ची माझ्यामुळे गेली."

"माहीत हाये ना जी," ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलावं? तुमाले तं आधीच लय लागलं होतं. परात घेऊन बसत होत्या रोज. मले वाटलं, म्याडमचं मन साफ होईपर्यंत कुदू."

मला वाटलं माझ्या कानांनी काही भलतंच ऐकलं. "म्हणजे? तुला नोकरी नको होती?"

"पयल्यांदा पायजे होती. दुसऱ्यांदा चौथी आली तवाच मन भरलं होतं माहं. थकली होती. बाबाले सांगतलंबी होतं, मासे इकन, शिलाई करन, कायबी करन. बाबा म्हणे, म्याडमले विचार. मंग मी आली तं तुमी गोल काढून बसल्या होत्या." ती हसली. "मंग कुदली."

तीन वर्षं. मी तिच्यासाठी गोल काढत होते आणि ती माझ्यासाठी उड्या मारत होती. दोघीही थकलेल्या, दोघींपैकी कोणालाही ते नको होतं, आणि घोटा मात्र तिचा गेला. "अगं, मग नाही म्हणायचं होतंस!" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमी विचारलं कुठं जी?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. दुखतं का विचारलं, जेवलीस का विचारलं, शंभर झाल्या का विचारलं. तुला उड्या मारायच्या आहेत का, हे आठ-नऊ वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी तिथेच, रिक्षावाल्यांच्या समोर, हमसून हमसून रडले. चॅम्पियन घाबरली. इकडे तिकडे बघत माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, "नोका रडू ना जी. लोकायले वाटन मेडल भेटलं." मग मला रडता रडता हसू आलं, आणि तेवढ्यात बस आली.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. पवनीकडे आसगावला दिली. माणसं बरी आहेत, धानाची शेती आहे, नवऱ्याचा स्वभाव शांत. तिनं दारात शिलाई मशीन टाकलं आहे. मेडलं सासरी नेली नाहीत. थंडीत घोटा दुखतो, तेव्हा मशीन डाव्या पायानं चालवते, असं तिनं मला फोनवर सांगितलं. मी तिच्याकडे दोनदा जाऊन आले. तिथे तिला कोणी चॅम्पियन म्हणत नाही.

मी अजून त्याच शाळेत आहे. निवृत्तीला थोडी वर्षं उरली, पाय आता माझेही दुखतात. गेल्या पावसाळ्यात सातवीत एक पोरगी आली. काय सांगू, देवानं फुरसतीनं घडवलेली! मनगट, खांदे, पाठ, सगळं चॅम्पियनपेक्षा वरचढ. एक दिवस मधल्या सुट्टीत तिनं मैदानावर गंमत म्हणून पाच कोलांट्या घेतल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. हेडमास्तरांनीही पाहिलं. नवे आहेत, उत्साही आहेत. "म्याडम, हिला घ्या! जिल्ह्याचं नाव होईल," म्हणाले. मी पोरीला सावलीत बोलावलं, समोर बसवलं, पाणी दिलं. आणि विचारलं, "तुला जिम्नॅस्टिक्स करायचं आहे का? खरं सांग. नाही म्हटलंस तरी मी रागावणार नाही."

पोरीनं पाणी पिऊन तोंड पुसलं. मग म्हणाली, "नाही जी. मले चित्र काढाले आवडते."

"बरं," मी म्हटलं, "जा."

हेडमास्तर माझ्यावर आठ दिवस धुसफुसत होते. असा हिरा हातचा घालवला, म्हणाले. घरी आल्यावर माझं मन भरून आलं होतं. बरं वाटत होतं. अखेर एक तरी गोष्ट मी नीट केली, असं वाटत होतं, आणि हे सांगायला एकच माणूस होतं. मी आसगावला फोन लावला. मागे मशीनचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, पोरगी कशी, मी कसं विचारलं, ती कशी नाही म्हणाली. मला वाटलं ती शाबासकी देईल.

मशीन थांबलं.

"चांगलं केलं म्याडम," ती मग म्हणाली. "पण तिच्या वयाची होती तवा मले विचारलं असतं ना, तं मी हो म्हटलं असतं."